डोळ्यावरचं कुंकू

मुरबाडच्या त्या दवाखान्यात हल्ली औषधाला येणाऱ्यांपेक्षा नमस्काराला येणारे जास्त. प्रत्येक खाटेसमोर भिंतीवर टीव्हीसारखा पडदा, पडद्यात एक बाई. टोकावड्याच्या हौसाचा नवरा धाऊ न्यूमोनियानं पडला होता. तापाच्या भरात तो तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढी. हौसाची पाठ वळलेली असली, तरी पडद्यातून लगेच हाक येई, "हौसाताई, मास्क लावा."

"हिला कसं गो कळतं?" हौसा थक्क व्हायची.

"देवी हाय ती," केरू भगत म्हणाला. पूर्वी हा खोकल्यावर अंगारा द्यायचा. गिऱ्हाईक दवाखान्यात गेलं, तसा हाही देव घेऊन मागोमाग आला. "पडद्याच्या वरती काळा डोळा बघ, कसा वटारलाय. कुंकू लाव, थंड होईल."

हौसानं त्या डोळ्यावर ओलं कुंकू दाबलं. केरूनं साऱ्या वॉर्डाला हात जोडून डोळे मिटायला लावले.

"हौसाताई, मला नुसतं लाल दिसतंय. कॅमेरा पुसा. मास्क बघा."

"ऐकलंत? देवी लाल झाली. कोन डोळं उघडू नका."

बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली, तसे हात आणखी घट्ट जुळले. शेवटी तिनं फोन केला. वॉर्डाची एकुलती नर्स दीप्ती पलीकडच्या खोलीतून धावत आली, तेव्हा मास्क उशीखाली होता आणि धाऊचे ओठ निळे. तिनं पुष्कळ झटापट केली. धाऊ परतला नाही.

दीप्तीनं कॅमेरा पुसला. पडद्यातली देवी नाक पुसत होती.

"ती पुण्यात बसलेली नर्स आहे, माझ्यासारखी," दीप्ती म्हणाली. "या भिंगातून बघायची, म्हणून तिला कळायचं. इथं मी एकटी पुरत नाही, म्हणून ती. तुम्ही तिचा डोळाच बुजवलात."

"देवीनं बोलावून नेला त्याला," म्हणत केरू पुढच्या खाटेकडे सरकला.

बायका हौसाचं कुंकू पुसायला आल्या. तिनं हात झिडकारला. "माझं राहू दे. जिथलं पुसायचं तिथलं पुसलं नाय आमी. ती सांगत होती ते करायचं होतं. हात जोडायला नाय, मास्क लावायला होते."

शेजारच्या खाटेवरल्या म्हातारीची सून तोवर कुंकवाची पुडी सोडून तिथल्या पडद्यावरचा डोळा माखून मोकळी झाली होती.

"ताई, कॅमेरा..." तो पडदा बोलला.

हौसा उठली, पदरानं ते कुंकू पुसू लागली. सून खेकसली, "शिवू नको देवीला. सुतक हाय तुला."