समद्विभुजाचा कुजलेला पाय

मित्रांनो, दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेला मी एक लाकडी त्रिकोण. खूप जुना झालोय, पण अजून कामाचा आहे, ही देवाची कृपा.

एका गवंड्याने मला घडवले. त्याने दोन पाय अगदी सारखे कापले, मधे आडवी पट्टी ठोकली, तिच्या मध्यावर खूण कोरली आणि माथ्यापासून वजन बांधलेला दोरा सोडला. जागा सपाट असली की दोरा खुणेवर यायचा. तिरकी असली की उताराकडे सरकायचा.

त्याची एक रीत होती. दोरा खुणेवर आला, तरी तो मला उचलून फिरवायचा, पायांच्या जागा बदलायचा आणि पुन्हा बघायचा. मगच दगड बसवायचा.

एकदा त्याची लेक धडा वाचत होती, "समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन समान असतात."

"अगं चिमणे, हा तर आपल्या घरातलाच!" तो म्हणाला. "सिद्ध कर बघू."

तिने मला फिरवले. "हा पाय त्याच्या जागी, तो ह्याच्या. पाय सारखे, माथ्याचा कोन तोच. म्हणजे फिरवला तरी स्वतःवरच चपखल बसतो. मग पायांजवळचे कोन सारखेच की!"

"मी रोज हेच करतो, पण मला कुणी मार्क देत नाही!"

शेवटी त्याने बायकोसाठी दाराशी दगडी ओटा बांधला. मग तापाचे निमित्त झाले आणि तो गेला. मी मागच्या ओल्या भिंतीला टेकून राहिलो. एक पाय कुजत गेला. त्याच्या खरबरीत तळहाताची मी किती वाट पाहिली!

पुढे ओट्यावर छप्पर घालायला त्याचा धाकटा भाऊ, लेकीचे काका आले. तेही गवंडीच. त्यांनी मला ओट्यावर ठेवले. दोरा खुणेवरून सरकला.

"वहिनी, दादाचा हात शेवटी चुकला हो. ओटा तिरका आहे. फोडून नवा घालू."

लेकीच्या आई पुढे आल्या. नुसता दगडावर हात ठेवून बसल्या. माझा जीव तुटत होता. ज्याने मला घडवले, त्याच्याच विरुद्ध माझी साक्ष! कुणीतरी मला फिरवा रे, एवढेच मनात घोकत होतो.

काकांनी घण उचलला.

"थांबा काका," लेक म्हणाली. "बाबा एकदाच बघून कधी ठरवायचे का?"

तिने मला फिरवले. दोरा पुन्हा त्याच पायाकडे झुकला.

"ओटा तिरका असता, तर दोरा आता दुसऱ्या पायाकडे गेला असता. खोट ओट्यात नाही, ह्याच्या पायात आहे."

काकांनी माझा पाय नखाने खरवडला. भुगा पडला.

"घ्या! साक्षीदारच लंगडा, आणि मी निघालो दादाला शिक्षा द्यायला!"

आई हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

लेकीने कुजका भाग काढून माझ्या पायाला नवा तुकडा जोडला. दोन्ही पाय पुन्हा सारखे झाले. माथ्यावरची दोऱ्याची गाठ मात्र तिने सोडली नाही. ती त्याच्या हातची आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना ओलीत टाकू नका. आणि कुणाचे काम मोडण्याआधी एकदा फिरवून बघा.

आई रोज संध्याकाळी ओट्यावर टेकतात, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. वारा आला की माझा दोरा त्या जागेकडे झुलतो, आणि मग हळूच खुणेवर येऊन थांबतो.