लिफ्ट जिथे पोचत नाही

मी दोर बोलतोय. झाडं छाटणाऱ्या माणसाच्या कमरेला बांधतात ना, तो. कारखान्यात मला पीळ घातला तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता झाडांच्या चिकाने काळा पडलोय.

माझे मालक दोघे भाऊ. थोरला झाडावर चढतो. धाकटा कामं मिळवतो आणि खाली उभा राहून सूचना देतो. थोरल्याचा भार मीच पेलतो, त्यामुळे त्याचा डावा खांदा कामातून गेल्याचं सगळ्यांत आधी मला कळलं. वर सरकताना तो हात वापरेनासा झाला होता.

त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, कळलं ते त्याला सदरा घालता येईना तेव्हा. ती तडक दिराकडे आली.

"भावोजी, झाडं छाटायला ती छोटी, चाकांवरची लिफ्ट मिळते ना, ती घ्या. हे तिच्या पाळण्यात उभं राहून काम करतील."

"बघू या की, वहिनी. घाई काय आहे?"

"ते पडल्यावर बघणार का?"

शेवटी विकणारा लिफ्ट दाखवायला घेऊन आला. अंगाने अरुंद, पाय दुमडले की बागेच्या फाटकातून आत शिरेल अशी. थोरला पाळण्यात उभा राहून वर गेला. मी गवतावर पडलो होतो. बराच वेळ तो उतरेना. उतरल्यावर म्हणाला, "इतकी वर्षं झाडाला मिठी मारून होतो. झाड दिसतं कसं, ते आज पाहिलं."

वहिनीने तोंड फिरवून डोळे पुसले. धाकटा खटक्यांकडे बघत होता. "म्हणजे हे कुणालाही चालवता येईल," तो विकणाऱ्याला म्हणाला, आणि घ्यायचं ठरलं. मी आता अडगळीत जाणार होतो. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

लिफ्ट आली. पाळण्यात चढला तो धाकट्याचा मेहुणा.

"मग मी?" थोरल्याने विचारलं.

"दादा, तुझ्यासारखं चढणारं आहे कोण? लिफ्ट जिथे पोचत नाही, तिथे तूच."

हे त्याने अगदी कौतुकाच्या सुरात सांगितलं.

आता सोपी झाडं मेहुण्याची. घरामागच्या बोळातली, तारांवर कललेली, आतून पोखरलेली झाडं आमची. पूर्वी अधूनमधून एखादं साधं झाड वाट्याला यायचं, खांद्याला जरा विसावा मिळायचा. तोही गेला.

घरी त्याने यातलं काही सांगितलेलं नाही. वहिनी शेजारणींना सांगते, "आमचे हे आता पाळण्यातूनच वर जातात." तो ऐकतो आणि जेवत राहतो. परवा एका शेंड्यावर दम खात बसला असताना स्वतःशीच पुटपुटला, "एवढं भांडून तिने ती लिफ्ट घ्यायला लावली. तिला आता काय सांगू?"

तुमच्या घरामागे तो कधी आला, तर खालून "आटपा लवकर" असं ओरडू नका. त्याला दम खाऊ द्या. मी त्याला धरून आहे. पण धरून ठेवणं एवढंच दोराला येतं. 'पुरे आता, खाली ये,' हे माणसाने म्हणायचं असतं. त्याचा सख्खा भाऊ रोज झाडाखाली उभा असतो, आणि अजून एकदाही तसं म्हणालेला नाही.