काचेतलं कॉलेज

घाबरू नका मित्रांनो, काचेआडून बोलतंय ते भूतबित काही नाही. मी एका कॉलेजचं जुनं लाकडी मॉडेल आहे. कॉलेजच्या दर्शनी दालनात एका उंच टेबलावर माझा मुक्काम. खरं कॉलेज माझ्याभोवती चहूकडे पसरलेलं आणि त्याच्या पोटात मी, त्याचीच एवढीशी नक्कल.

मला एका सुतारानं घडवलं. पातळ प्लायवूडच्या भिंती, काड्यापेटीतल्या काड्यांचे कठडे, हिरव्या रंगात बुडवलेल्या भुशाचं मैदान. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत चिमट्यानं माझी बाकं चिकटवत बसायची.

"माणसं नाही का करायची यात?" तिनं एकदा विचारलं.

"नको गं बाई. एवढ्याशा माणसांचे चेहरे मला नाही जमायचे. आणि चेहऱ्याशिवायची माणसं बघवत नाहीत."

मित्रांनो, हे तेवढं नीट ध्यानात घ्या. माझ्यात माणसं कुणीही केलेली नाहीत.

पहिली काही वर्षं माझे काय लाड झाले म्हणून सांगू! रोज काच पुसली जायची. प्रवेशाचे दिवस आले की दालनात ही गर्दी लोटायची. आई-वडील, मामा, काका, शेजारचे जाणकार, आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी ज्याला शिकायचं तो. माहिती देणाऱ्या बाई माझ्याशेजारी उभ्या असत. त्यांनी एक रीत पाडली होती. घरातल्या मोठ्या माणसानं पुढं व्हायचं आणि मुलाला जी शाखा द्यायची तिच्यावर, काचेवरून बोट ठेवायचं. बाई टेबलाखालचं बटण दाबत आणि माझ्या त्या खोलीत इवलासा दिवा लागे. सगळे टाळ्या वाजवत. "झालं, जागा पक्की!" बाई म्हणत. खरं कॉलेज पाच पावलांवर होतं, पण तिकडे जायची तसदी कोण घेतो? सगळं इथंच दिसत होतं ना! मलाही भारी अभिमान वाटायचा. माझ्याकडे बघून लोक आयुष्य ठरवतात, ही काय लहान गोष्ट झाली?

आणि मग एका सकाळी माझ्यात कुणीतरी होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात, शेवटच्या बाकावर एक मुलगी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. मान खाली, बोटं वेणीच्या टोकाशी. तिला चेहरा होता, मित्रांनो, अगदी स्पष्ट. मी तिला ओळखलं. तिच्या काकांनी त्या खोलीवर बोट ठेवलं होतं आणि ती रोज माझ्यासमोरून मान खाली घालून वर्गात जायची आणि तशीच परत यायची. आदल्याच दिवशी ती पदवी घेऊन कॉलेजातून कायमची गेली होती. गेली म्हणजे, तिची चप्पल, पिशवी, शरीर गेलं. बाकीचं इथं राहिलं.

नंतर दर वर्षी कुणी ना कुणी राहू लागलं. कुणी जिन्यात टेकलेलं, कुणी फळ्याकडे तोंड करून, पण फळा न बघणारं. ही कोण मंडळी, ते मला हळूहळू उमगलं. ज्यांची जागा दुसऱ्याच्या बोटानं ठरली आणि ज्यांनी नंतरही स्वतःहून एक पाऊल इकडचं तिकडे टाकलं नाही, अशी ती होती. दुसऱ्याच्या बोटानं आलेली सगळीच राहिली असं नाही हं. कित्येकांनी आल्यावर हातपाय हलवले, शाखा बदलली, नाहीतर मिळालेल्या शाखेतच जीव ओतला. ती सुटली. उरलेली माझ्याकडे आली. ती बोलत नाहीत. फक्त दालनात कुणाचं पाऊल वाजलं की सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळतात. त्या क्षणी मला माझीच भीती वाटते.

काच पुसणाऱ्याला ती दिसत नव्हती. बाईंना दिसत नव्हती. मला वाटलं, कुणालाच दिसायची नाहीत.

मग एका वर्षी भिंगरी आली. घरचे तिला भिंगरीच म्हणत, कारण पोरगी एका जागी म्हणून थांबेल तर शपथ. बरोबर वडील होते आणि थोरला भाऊ. भावाला मी लगेच ओळखलं. तो इथंच शिकला होता. वडिलांनी त्याच्यासाठी सर्वांत वरच्या मजल्यावरच्या संगणक शाखेवर बोट ठेवलं होतं. आता तो मोबाइलची कव्हरं विकायच्या दुकानात उभा राहत असे. घरी जेवायला हाक मारली तरी दोनदोनदा मारावी लागे, असं वडील बाईंना हसत हसत सांगत होते. त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसावं.

"हिलाही तीच शाखा," वडील म्हणाले. "दादा आहे ना घरी शिकवायला."

भिंगरीनं काचेला नाक लावलं. मग हळूच म्हणाली, "दादा, हा तू आहेस."

"काय वेड्यासारखं बोलतेस!"

"अरे, बघ तरी. वरच्या खिडकीत. तुझा तो लाल कॉलरचा शर्ट."

तो वाकला. खिडकीत कोपर टेकून बसलेलं ते एवढंसं पोर खाली कार्यशाळेकडे बघत होतं. त्या पोरानं मान वर केली आणि दादाकडे बघितलं. दादाच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात आणखी एक गोष्ट झाली. खिडकीतल्या त्या पोराच्या शेजारची रिकामी खुर्ची, जी सुताराच्या बायकोनं डिंकानं घट्ट चिकटवली होती, ती आपोआप मागे सरकली. कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशी. आणि वडिलांचं बोट काचेच्या दिशेनं निघालं होतं.

दादानं त्यांचं मनगट पकडलं.

"बाबा, बोट लावू नका."

"अरे, लोक बघतायत! हात सोड."

"बघू देत. मी सगळी वर्षं त्या खिडकीत बसून खाली कार्यशाळेत लेथ मशीन चालताना बघत होतो, बाबा. मला ते शिकायचं होतं. जिना होता, खाली जाता आलं असतं. कुणीही अडवलं नव्हतं मला."

"म्हणजे माझंच चुकलं म्हण की!"

"तुमचं चुकलं. माझं तुमच्याहून जास्त चुकलं. पण हिला नका बसवू तिथं माझ्या शेजारी."

वडिलांचा चेहरा पडला. त्यांना माझ्यात काही दिसलं नव्हतं, पण मुलानं मनगट सोडलं नव्हतं. त्यांनी बोट मिटून घेतलं.

"मला कॉलेज बघायचंय," भिंगरी म्हणाली. "हे नाही, खरं."

"आत काय बघायचंय आता?" बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "सगळं इथंच तर आहे."

पण भिंगरी कसली ऐकतेय! ती निघालीसुद्धा. दुपार कलली तेव्हा तिघं परत आली. पोरगी जिन्यात बसलेल्या मुलांना गाठून गाठून विचारून आली होती. कुठले सर तास संपल्यावरही थांबतात, कुठल्या प्रयोगशाळेतली यंत्रं अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहेत, ग्रंथालयात बसू देतात की हुसकावतात. संगणकाचे विद्यार्थी चांगले होते म्हणे, पण तिचा जीव मागच्या इमारतीतल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अडकला. तिथं एका बाईंनी पाण्याचा नमुना घ्यायला तिच्या हातात नळीच दिली होती, आणि ती बाही कोपरापर्यंत भिजवून आली होती.

"मागची इमारत?" वडील मला न्याहाळत म्हणाले. "ती कुठाय यात?"

माझी ती बाजू भिंतीला लागलेली. आजवर तिच्यावर कुणीच बोट ठेवलं नव्हतं. भिंगरीनंही ठेवलं नाही. "मला तिथं शिकायचंय, बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि वडिलांनी होकाराची मान हलवली. दिवा लागला नाही, टाळ्या वाजल्या नाहीत. आत मात्र ती मागे सरकलेली खुर्ची हळूच जागेवर गेली.

पुढं भिंगरी माझ्यासमोरून रोज धावत जायची. कधी सरांशी वाद घालत, कधी नापास झाली म्हणून डोळे पुसत, कधी चार जणींना घेऊन नदीचं पाणी आणायला. ती माझ्यात कधीच आली नाही. तिला न्यायला दादा यायचा. एकदा तो लवकर आला आणि जिना उतरून कार्यशाळेच्या दारात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या आठवड्यात आत गेला. मग संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं.

त्या दिवसांत माझ्या वरच्या खिडकीतलं पोर उठलं. रोज थोडं थोडं जिना उतरत होतं. मी श्वास रोखून बघत होतो म्हणा ना, मला श्वास असता तर. शेवटी ते माझ्या मुख्य दाराशी पोचलं. ते दार सुतारानं नुसतं रंगवलं होतं, उघडत नाही. पण एका संध्याकाळी दादा हाताला वंगण लागलेला, शीळ घालत माझ्यासमोरून गेला, आणि मी बघतो तर दाराशी कुणी नाही.

आता दालनात बोट लावून शाखा निवडायचा मोठा टचस्क्रीन पडदा लागलाय. माझ्या काचेवर धुळीचा थर आहे आणि सोमवारी मला अडगळीच्या खोलीत हलवणार, असं शिपाई बोलत होते. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही मित्रांनो. लाकूड काय, कुजेल. पण कॉलेज निवडताना पडद्यावर बोट ठेवून मोकळे होऊ नका. चालत आत जा, विचारा, हात भिजवा. आणि चुकीच्या खिडकीत बसलातच, तर जिना कुठं आहे ते शोधा.

आत राहिलेले सगळे आता काचेपाशी येऊन उभे आहेत. सोमवारची त्यांनाही कुणकुण लागली असावी. भर दुपारी चालू कामात ज्यांना वाटतं, की आपण अजून भलतीकडेच कुठेतरी बसलोय, त्यांनी कृपा करून लवकर या आणि इथं राहिलेल्या स्वतःला घेऊन जा. वेणीचं टोक धरून बसलेली ती मुलगी आज पहिल्यांदा काच वाजवतेय, आणि ती काच मला आतून उघडता येत नाही.