पाठमोरी

चर्चच्या ऑफिसात ती कामाला लागली तेव्हा सहा महिन्यांची बोली होती. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्याआधी ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. मांजर, आगगाडी, पोस्टमन, दात घासणारी मुलगी. पुस्तकं छापणारा छापखाना बंद पडला, घरात वयस्कर आई, आणि पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, टायपिंग येणारं माणूस तातडीने हवं होतं. चर्चला येणारे सगळे तिला ऑफिसताई म्हणू लागले, आणि हळूहळू तिचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं.

रविवारच्या उपासनेचं पत्रक छापायचं, गीतांचे नंबर भिंतीवरच्या फळीत लावायचे, हॉल कुणाला कधी दिलाय त्याची वही सांभाळायची, गळक्या नळासाठी प्लंबरच्या मागे लागायचं, कुणाच्या तरी आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला जुन्या रजिस्टरमधून हुडकून द्यायचा. यातलं काहीच तिला अवघड नव्हतं. अवघड होता तो रविवार.

लहानपणापासून ती याच चर्चला यायची. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, आईच्या शेजारी. प्रार्थनेत डोळे मिटले की आत कुठेतरी एक दार उघडायचं आणि ती सरळ आत चालत जायची. त्यासाठी काही करावं लागायचं नाही. नोकरी लागल्यावर ती डोळे मिटायची आणि तिला ऐकू यायचा माइकचा खर्र आवाज. मग वाटायचं, मागचा पंखा कुणी लावला नाही का? पत्रकात दुसऱ्या गीताचा नंबर चुकला तर नाही? आमेन म्हणेपर्यंत तिच्या मनात सोमवारच्या कामांची यादी तयार झालेली असायची.

आईला हे न सांगता कळलं होतं. एकदा घरी परतताना आई म्हणाली, "पूर्वी तू देवाशी बोलायचीस. आता देवाच्या ऑफिसात नोकरी करतेस."

ती हसली खरी, पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना. ज्या घरात राहतो त्याच घराची आठवण यावी, तसं तिचं झालं होतं. आणि चित्रांचं म्हणाल तर रंगांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला होता. हात अधूनमधून शिवशिवायचे, मग ती पत्रकाच्या कोपऱ्यात एखादं पान नाहीतर चिमणी काढायची आणि छापायच्या आधी खोडून टाकायची.

एका मंगळवारी सकाळी सुतारकाका ऑफिसात आले. चर्चचे निम्मे बाक त्यांच्या हातचे. तिच्या टेबलाचा अडकणारा ड्रॉवरही त्यांनीच तासून दिला होता. आदल्या दिवशी पहाटे त्यांची बायको गेली होती. बुधवारी चार वाजता अंत्यविधी ठरला होता.

ती उठून उभी राहिली. "काका, बसा ना. मीच येणार होते घरी."

"घरी पाहुणे आहेत," ते म्हणाले. "सगळे माझ्याकडे बघत बसतात. म्हटलं, पत्रकाचं काम तरी उरकावं."

त्यांनी आणलेल्या कागदावर सगळं नीट लिहिलं होतं. दोन गीतं, बायबलमधलं एक वचन, जन्मतारीख. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "आणि पत्रकावर छापायला फोटो?"

काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. "फोटो नाही."

त्यांच्या बायकोचा उजवा गाल लहानपणी भाजला होता. तिने कधी कुणाला फोटो काढू दिला नाही. लग्नाच्या फोटोतही ऐन वेळी तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"ओळखपत्रावर असेल ना, काका?"

"आहे. पण तो लावू नका. तो काढायला ती रडत गेली होती आणि रडत आली होती." त्यांनी टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघितलं. "तुम्ही पूर्वी चित्रं काढायचात म्हणे. माझ्या मुलीच्या वाचनाच्या पुस्तकात तुमचं मांजर होतं."

नऊ वर्षांत ऑफिसताईच्या चित्रांचं कुणी नावही काढलं नव्हतं. "काका, मला आता नाही जमणार," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "सांगा, कशा दिसायच्या काकू?"

पाळक दारात उभे राहून हे ऐकत होते. ते आत आले आणि टेबलावरचा फोन उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले. "आज फोन मी घेतो," एवढंच म्हणाले.

तिने छपाईचा कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं. काका सांगत गेले. कपाळ रुंद. भुवया पातळ. नाक, नाक साधंच. तिने काढलं. काकांनी बराच वेळ बघितलं. "नाही," ते म्हणाले. "ही कुणीतरी शाळेतली बाई वाटते." दुसरा कागद. डोळे जरा मोठे केले. "आता ती माझ्या मेहुणीसारखी दिसतेय, आणि त्या दोघींचं कधी पटलं नाही." दोघंही हसले, आणि हसताना काकांचे डोळे भरून आले. तिसरा कागद, चौथा. गाल कसा काढायचा? भाजलेला दाखवायचा की सावलीत ठेवायचा? तिचा हात आखडला होता, रेघ थरथरत होती. पाचवा कागद तिने चुरगळला तेव्हा पलीकडच्या खोलीतून पाळक कुणाला तरी सांगत होते, "शनिवारी हॉल रिकामा आहे." शनिवारी हॉल रिकामा नव्हता. ती जागची हलली नाही.

"एक विचारू, काका?" ती म्हणाली. "डोळे मिटलेत तर काकू तुम्हाला कुठे दिसतात?"

काकांनी डोळे मिटले.

"पाठमोरी," ते म्हणाले. "खिडकीपाशी. माझं काम मागच्या खोलीत चालायचं आणि मधलं दार उघडं. ती खिडकीत बसून शिवायची. उजेड हवा म्हणून तोंड बाहेर. चाळीस वर्षं मी रंधा मारता मारता तिची पाठच बघितली. दोरा तोडायला दातात धरायची तेव्हा मान अशी, या बाजूला जायची. अंबाडा नेहमी सुटायला आलेला. आणि डावा पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर. ती दांडी मीच बसवून दिली होती, तिचे पाय पोचत नव्हते म्हणून."

तिने मान खाली घातली आणि काढायला लागली. आधी खिडकीची चौकट. मग खांदे. मानेचा बाक काढताना तिला कळलं की आपण श्वास रोखून धरलाय. सुटायला आलेला अंबाडा, ब्लाउजच्या मागची घट्ट बसवलेली शिवण, दांडीवर टेकलेला पाय, टाच चपलेतून निम्मी बाहेर. रेघ आता थरथरत नव्हती. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला.

काकांनी तो हातात घेतला नाही. नुसतं बोट पुढे केलं, आणि खांद्याजवळ, कागदाला न लावता, तसंच धरलं. "आता वळेल," ते म्हणाले. "हाक मारली तर वळेल."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

बुधवारी चर्च भरलं होतं. बायका पत्रक हातात घेऊन बघायच्या आणि मान हलवायच्या. "तीच हो, तीच," मागे कुणीतरी कुजबुजलं. ऑफिसताई शेवटच्या बाकावर बसली होती. प्रार्थना सुरू झाली तसे तिने डोळे मिटले आणि वाट बघितली. दार उघडलं नाही. पण काल चित्र काढताना ती कुठे होती, हे तिला नीट आठवत होतं. त्या दाराबाहेर तर ती नक्कीच नव्हती.

विधी झाल्यावर काकांनी मूळ चित्र मागितलं. ते आपल्याकडेच ठेवावं असं तिच्या फार मनात होतं. नऊ वर्षांत तिच्या हातून झालेली तेवढीच एक गोष्ट. तिने ते पुठ्ठ्यात घालून त्यांच्या हातात दिलं आणि रस्त्याच्या वळणापर्यंत पुठ्ठा दिसत होता तोवर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पाळकांच्या खोलीत गेली आणि न बसताच म्हणाली, "मला इथे प्रार्थना करता येत नाही. बरीच वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगणार कुणाला? तुमच्याकडेच नोकरी."

पाळकांनी चष्मा काढून पुसला. "मी उपदेश करताना माणसं मोजतो," ते म्हणाले. "कोण आलं नाही ते बघतो. तुमचं बरं, तुम्ही निदान डोळे तरी मिटता."

"महिन्यातून एक रविवार सुट्टी घ्या," ते म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या तरी चर्चला जा. जिथे तुम्हाला कुणी ऑफिसताई म्हणणार नाही."

"आणि पत्रक?"

"मी छापीन."

"मशीनमध्ये कागद अडकतो."

"अडकला तर लोक पत्रकाशिवाय गातील. आणि हो, शनिवारच्या हॉलचा मी काहीतरी घोळ करून ठेवलाय, तेवढं बघा."

पुढच्या महिन्यात ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चला गेली. बस चुकली, पोचायला उशीर झाला. आत शिरली तेव्हा सगळे उभे राहून गात होते. चाल ओळखीची नव्हती. कुठे उभं राहावं ते कळेना, तशी शेवटच्या बाकावरची एक म्हातारी बाई सरकली, हाताने बाकावर थापटलं आणि म्हणाली, "ये गं, इथे ये. नवीन आहेस का?"

"हो," ती म्हणाली.

बाईने आपलं गीतांचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. अक्षरं बारीक होती. पिशवीतल्या कागदांवर आणि नव्या पेन्सिलीवर हात ठेवून ती वाकली, बोट कुठे सरकतंय ते बघितलं, आणि दुसऱ्या कडव्यापासून चाचपडत गायला लागली.