खाटेवरून स्वयंपाक

माझा पाय मोडला तो मोरी घासताना. कोणी गाडीवरून पडतं, कोणी झाडावरून पडतं. मी साबणाच्या पाण्यावरून घसरले, आणि ते पाणीही मीच टाकलेलं. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं आणि दीड महिना पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलं. दुसऱ्याच दिवशी नागपूरहून लेक धावत आली. आमची रिना शाळेत शिकवते, त्यामुळे घरी आली तरी परीक्षा घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"आई, तुले मी नागपूरले नेते," ती म्हणाली. "बाबाले चहाबी करता येत नाई. तुहं कोण करन इथी?"

मला कुठेच जायचं नव्हतं. माजरीच्या खदानीजवळ आमचं तीन खोल्यांचं घर आहे. त्यातला खिळान् खिळा मी सांगितला तिथे ठोकलेला आहे. नागपूरला मी पाहुणी. पाहुण्या बाईला कोणी विचारत नाही, भाजीत काय घालू म्हणून. तिला फक्त विचारतात, अजून वाढू का? तसलं जिणं मला एक दिवसही जमलं नसतं.

"येते मले चहा," दारातून आवाज आला. हे रिनाचे बाबा. हरिदास असं त्यांचं नाव, पण वस्तीत सगळे त्यांना टँकरभाऊ म्हणतात. खदानीच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ बसवायला पाण्याचा टँकर फिरतो, तो त्यांनी रिटायर होईपर्यंत चालवला. धूळ उडाली की पाणी मारायचं, एवढं एकच काम जन्मभर केलं. घरातलं काम म्हणाल तर मी दिलेला चहा प्यायचा आणि कप खाटेखाली सरकवायचा. चहा येतो हे त्यांनी धडधडीत खोटं सांगितलं होतं, पण त्या खोट्यावर मी जन्मात पहिल्यांदा खूश झाले.

रिनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं. मी पुढच्या रविवारी येते. दिवसभर बसते. बाबाच्या हातानं घर चाललं, तर आई इथीच राहीन. नाई चाललं, तर बॅग भरायची." दारात चप्पल घालता घालता तिला अजून एक सुचलं. "अन् त्या दिवशी आईनं तोंड उघडायचं नाई. नाईतर परीक्षा तुही होईन, बाबाची नाई."

हे ऐकून मला प्लास्टरपेक्षा जास्त दुखलं.

ती गेल्यावर ह्यांनी माझी खाट ओढत मधल्या खोलीत आणली. तिथून मला गॅस दिसायचा, मांडणी अर्धी दिसायची आणि सिंक दिसायचं नाही. जे दिसत नव्हतं तिथून सारखे भांडी पडल्याचे आवाज यायचे.

पहिल्या दिवशी भात. "पाणी किती टाकू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तांदळाच्या वर बोटाचं एक पेर." त्यांनी अख्खं बोट उभं केलं आणि वर थोडं आपल्या मनाने ओतलं. टँकर भरायची सवय, कमी पाणी डोळ्याला पटतच नाही. भाताची पेज झाली. आम्ही ती लोणच्याशी प्यायलो. पेज पोटाला हलकी असते, असं मीच म्हटलं, कारण ते पहिल्याच दिवशी हिरमुसले असते तर बॅग मलाच भरावी लागली असती.

पण माणूस शिकत गेला, हे मला कबूल करावं लागेल. डाळीत तेलाचे दोन थेंब टाकले की ती कुकरमधून उतू येत नाही. लसूण कोमट पाण्यात टाकून ठेवला की साल आपोआप सुटते. मिरच्या देठ काढून कागदात गुंडाळून ठेवल्या तर आठवडाभर सडत नाहीत. कुकर आतून काळा पडला तर पिळलेल्या लिंबाच्या साली पाण्यात उकळायच्या. मी खाटेवरून सांगायची आणि ते "हाव, हाव" करत करायचे. काळा कुकर पांढरा झाला तेव्हा तो हातात घेऊन ते माझ्यापर्यंत आले. "पाह्य, बायना, चेहरा दिसून राह्यला!" बायना हे माझं नाव. कुकरमध्ये आपलं तोंड पाहून एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेजारची गुणाबाई रोज डोकावून जायची. "हरिदासभाऊ, झाडू उलटा धरला ना तुमी," असं काहीतरी बोलून हसायची. ते झाडू सुलटा करायचे आणि ती गेली की पुन्हा आपल्या पद्धतीने धरायचे.

मग आठवड्याच्या मध्यावर घात झाला. हिवाळ्यात आमच्याकडे हवा जड असते. दुपारी खदानीत स्फोट झाला की मांडणीवरची भांडी वाजतात आणि थोड्या वेळाने सगळ्या घरावर काळी धूळ बसते. ती कशी काढायची हे इथल्या बाईला शिकवावं लागत नाही. आधी कोरडं फडकं हलक्या हाताने फिरवायचं, फडकं बाहेर वाऱ्याकडे पाठ करून झटकायचं आणि मगच ओलं लावायचं. आधी पाणी लागलं की कोळशाची शाई होते. हे इतकं साधं आहे की सांगायचं मला सुचलंच नाही. मी एवढंच म्हटलं, "बाहेरच्या खोलीची धूळ काढून घ्या जरा."

थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला. मोठा, सरसर. मी ओरडले, "काय करून राह्यले तुमी?"

"धूळ बसवून राह्यलो!" मोठ्या अभिमानाने उत्तर आलं.

त्यांनी अंगणातला पाइप नळाला लावून आत आणला होता. तोंडावर अंगठा दाबून वरपासून खालपर्यंत भिंत धुतली होती. धम्मचक्र दिनाच्या आधी चुना मारलेली पांढरी भिंत. बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर तेवढी आधी काढून कॉटवर ठेवली होती, एवढी अक्कल होती. मी गुणाबाईला हाक मारली, तिच्या आधाराने एका पायावर दारापर्यंत गेले आणि पाहिलं. भिंतीवरून काळे ओघळ वाहत होते, खालपर्यंत.

"हे काय खदानीची सडक हाये काय?" मी अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलले. "जन्म गेला तरी तुमाले घर समजणार नाई! मले जा लागते आता नागपूरले. भरा बॅग!"

त्यांनी नळ बंद केला, पाइप गुंडाळून ठेवला आणि बाहेर निघून गेले. मला बोलून झाल्यावर वाईट वाटतं, बोलायच्या आधी कधीच वाटत नाही. पाठीमागून बोलवावं असं शंभरदा वाटलं, पण जीभ नको तिथे सैल सुटते आणि पाहिजे तिथे अडते. त्या दुपारी मला खरंच वाटलं की हे घर आता सुटलं.

दिवेलागणीला ते परत आले तेव्हा खांद्यावर एक लांब, सरळ बांबू होता. बुरडाच्या घरून आणलेला. "पेटीत तुह्या मायचं हिरवं लुगडं हाये ना?" त्यांनी विचारलं. "नऊ वाराचं?"

"हाये. फाटलं हाये पर ते."

"फाटलेलं कुठी दिसते?"

आता मला सुचायला लागलं. मी खाट बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत ओढायला लावली आणि तिथून सांगत गेले. लुगड्याच्या निऱ्या करा, फाटका भाग निरीच्या आत घाला, वरून दोऱ्याने बांबूला बांधा. एका हाताचं अंतर ठेवून बांधा, म्हणजे झोळ सारखा पडतो. त्यांनी तसंच केलं. छताच्या हुकांना सुतळीने बांबू टांगला आणि भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाली, खाली लाल काठ. दोन्ही तसबिरी पुसून समोरच्या कोरड्या भिंतीवर लावल्या. एक नवा पैसा न घालता बाहेरची खोली लग्नघरासारखी दिसायला लागली. ते स्टुलावरून उतरले आणि लांब जाऊन बघत राहिले. मी म्हटलं, "चांगलं दिसते." दुपारच्या बोलण्याबद्दल एवढीच माझी माफी, आणि त्यांनी ती घेतली.

रविवारी रिना सकाळच्या गाडीने आली. मी पदराचं टोक तोंडात धरलं, म्हणजे चुकूनही शब्द बाहेर पडू नये.

आल्या आल्या तिने पडदा पाहिला. "वा! हा कुठून घेतला?" आणि मास्तरणीच ती, हाताने बाजूला करून मागे पाहिलंच. मी डोळे मिटले.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी मारलं ना तुमी?"

"मारलं," ते म्हणाले.

ती खाली बसून पोट धरून हसली. खदानीच्या गावात वाढलेली पोरगी, तिला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. परीक्षेत त्या भिंतीचे गुण तिने कापले की नाही, ते मला कळलं नाही.

मग स्वयंपाक. वांगी आणि वालाच्या शेंगांचे हिरवे दाणे, त्याला आम्ही पोपट म्हणतो, ती रिनाची आवडती भाजी. त्यांनी दाणे गरम पाण्यात भिजवून साली काढल्या, मी सांगितल्याप्रमाणे. फोडणी जळू दिली नाही. मीठ टाकलं. तेवढ्यात रिनाने काहीतरी विचारलं, ते तिच्याशी बोलले, वळले आणि पुन्हा मीठ टाकलं.

मी पाहिलं. पदर दातांत घट्ट दाबला. मीठ जास्त झालं तर कणकेचा गोळा टाका, एवढे चार शब्द माझ्या घशात टुणटुण उड्या मारत होते. त्यांनी भाजी चाखली. चेहरा वाकडा झाला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग टोपलीतली उरलेली सगळी वांगी घेतली, चिरली, त्याच भाजीत टाकली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. झाकण ठेवलं. हे मी शिकवलेलं नव्हतं. हे त्यांचं त्यांनाच सुचलं. भाजी दुप्पट झाली, गुणाबाईच्या घरी वाटीभर द्यावी लागली, पण मीठ बरोबर झालं.

त्यानंतर मी नुसती बघत राहिले. मिठाचा डबा माझ्या जागेवर नव्हता. त्यांनी तो गॅसजवळ आणून ठेवला होता. दाराच्या उंबऱ्यावर ओलं पोतं टाकलं होतं, चपलांची काळी धूळ तिथेच अडावी म्हणून. खिडकी आधी कोरड्या फडक्याने पुसली. फडकं वाऱ्याकडे पाठ करून झटकलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्याच्या तळाशी एक बारीक काटा होता. हे घर माझ्या आवाजाशिवाय चालत होतं.

जेवणं झाली. रिनाने दुसऱ्यांदा भात घेतला, बोटं चाटली आणि जाहीर केलं, "बाबा, पास!"

मी तोंडातून पदर काढला. पण बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "मग आता काही टेन्शनच नाई. बाबा एकटे राहू शकतात. आई, तू निवांत चाल नागपूरले. तिथी कामाले बाई हाये, दवाखाना जवळ हाये. तू नुसती पडून राय." आणि कपाटातून बॅग काढून माझ्या साड्या भरायलाही लागली.

मी आठवडाभर घसा कोरडा करून स्वतःच्या हाताने स्वतःची बदली करून घेतली होती. तिचं बोलणं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. काय म्हणणार होते मी? घराला माझी गरज आहे म्हणून? आत्ताच तर तिने पोटभर खाल्लं होतं. मला रडू यायला लागलं आणि मी ते लपवलंही नाही.

ते भांडी घासत होते. ओल्या हाताने तसेच बाहेर आले आणि बॅगेकडे पाहत उभे राहिले.

"रिना," ते म्हणाले, "तू तुह्या मायले घेऊन गेली, त उद्यापासून मले काहीच येत नाई."

"बाबा! आत्ता तर सगळं केलं तुमी."

"केलं. तुही माय खाटेवरून पाहून राह्यली होती, म्हणून हात चालले. ती इथी नसन, त मी भात करून कोणाले दाखवू?"

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला असलं काही ऐकवलं नव्हतं. आताही मला ऐकवलं नाहीच, लेकीला सांगितलं. पण मी ऐकलं.

 रिनाने बॅगेची चेन उलटी ओढली आणि साड्या पुन्हा बाहेर काढल्या. "ह्या कुठी ठेवू, आई?"

वरच्या कप्प्यात, मी सांगणार होते. माझ्या साड्या नेहमी वरच्याच कप्प्यात असतात. पण ते माझ्या आधी बोलले.

"खालच्या कप्प्यात ठेव. उठून बसली का तिचा हात पोचला पायजे."

मी काही बोलले नाही. साड्यांची जागा आता खालच्या कप्प्यातच होती.