तळ्यातले वीस रोडके बेडूक

दोन्हीकडचे बेडूक एकाच वंशाचे निघाले आणि रुपाबाईचा तांडा धरणात गेला. पण तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. अठ्ठ्याहत्तरचा ऑगस्ट आहे, मानोऱ्याकडच्या तांड्याचं तळं जागेवर आहे आणि मी, आसेगावचा जगदेव, बी.एस्सी. तिसरा वर्ग, ओलं पोतं धरून उभा आहे.

पोतं खोडे सरांचं. ते नागपूरहून आले होते. या तळ्यातले भेक, म्हणजे खरबरीत पाठीचे बेडूक, आसेगावच्या भेकांपासून फार पूर्वीच वेगळे पडले असावेत असा त्यांना संशय होता. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणजे वाईट. फरक कळणार तो पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे बेडकाच्या बापाची चौकशी वाचली.

धरणाचे इंजिनियर हसत म्हणाले होते, "वेगळे निघाले तर धरणाची पाळ तळ्याच्या वर सरकवू, तळं सुटेल." सरांनी ते लिहून घेतलं. लिहिलेलं म्हणून आम्ही खरं धरलं.

रुपाबाईची दोन लेकरं तळ्याच्या काठाला पुरलेली होती. तळं राहिलं तरच ती राहणार होती.

"किती पायजेत?" तिनं विचारलं.

"वीस, याडी." सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई.

"मारसान त्याईले?"

"कलेजी काढा लागते."

"आमच्या तळ्यातले लय रोडके हायेत रे. पाहणाऱ्याले वाटन, उपाशी ठेवले."

"शास्त्राले चालते."

"शास्त्राले चालत असन. पाहुण्याले असे कायले द्याचे?"

मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिनं पोतं भरून दिलं. एकेक बेडूक भाकरीच्या गोळ्याएवढा. सर खूश झाले. मी पोत्याला 'तळे' अशी चिठ्ठी बांधली. दुसऱ्या पोत्यात आसेगावच्या नालीवरचे वीस, मी स्वतः धरलेले.

कारंजाच्या एस्टीत कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय हाय?"

"सरकारी कागदं."

तेवढ्यात पोतं ओरडलं.

"अर्ज असतीन," तो म्हणाला आणि पुढे गेला.

जानेवारीत अहवाल आला. दोन्हीकडच्या डीएनएचे तुकडे तंतोतंत सारखे. वेगळेपणाचा पुरावा नाही. मी तांड्यात वाचून दाखवला.

"सारखेच निघतीन ना," रुपाबाई म्हणाली. "हेमसिंगले धाडलं होतं आसेगावले. तुमच्याच नालीवरचे होते ते."

हेमसिंग, तिचा दीर, जमिनीकडे बघत होता.

"काहून पण, याडी?"

"पाहुणा होता ना बापू. तुमच्याकडले जाड राह्यतात."

सरांना तार केली. उत्तर आलं: प्रकल्प संपला. आता खरे बेडूक पाठवायचे तर भेक हिवाळ्या-उन्हाळ्यात जमिनीत असतात, काठ खोदावा लागला असता. काठात काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी कुदळ उचलली नाही.

पावसात भेक वर आले असतील. पण त्यांच्याआधी धरणाचं पाणी वर आलं.

तरी मा. कार्यकारी अभियंता साहेबांना नम्र विनंती, की जलाशयाची पातळी आठ दिवसांकरिता बावीस फूट खाली घ्यावी, जेणेकरून मूळ तळ्यातील बेडूक, नग वीस, रोडके, अर्जदारास धरता येतील. सोबत श्रीमती रुपाबाई राहतील. त्यांना तेवढे दिवस काठावर बसू द्यावे. बेडूक पाहुण्यांना आहेत त्याच स्थितीत देण्याची हमी त्यांनी अंगठ्यानिशी दिली आहे.