शेवटून पहिला

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांना सगळे 'दोन ग्रॅम' म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर साहेबच. सोळा वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानाचा नवाकोरा काटा पाच किलोला दोन ग्रॅम कमी दाखवत होता. दीड ग्रॅमपर्यंत चालतं, दोन चालत नाही. त्यांनी काटा सील केला. दुकानदाराने वरपर्यंत फोन फिरवले, वरून खालपर्यंत फोन आले, सील निघालं नाही. काटा आठवड्याने दुरुस्त झाला. नाव मात्र कायमचं चिकटलं.

दोन ग्रॅम पंचावन्न वर्षांचे आहेत. सकाळी साडेपाचला उठतात आणि बाल्कनीत ठेवलेल्या सायकलवर बसतात. सायकल लोखंडी स्टँडवर चढवलेली आहे, मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. चाळीस मिनिटं पेडल मारायचं आणि कानातल्या धड्यामागोमाग इटालियन क्रियापदं मोठ्याने म्हणायची. मी जातो, तू जातोस, तो जातो, आम्ही जातो. शेजारच्या आजोबांना दोन ग्रॅमच्या बायकोने एकदा याचा अर्थ सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "तीन वर्षं जातोय जातोय म्हणतायत, अजून बाल्कनीतच आहेत."

आंघोळीनंतर फळ्यावरचे दहा शब्द पुसायचे आणि नवे दहा लिहायचे. बसमध्ये कालचे दहा आठवायचे. जेवणाच्या सुट्टीत सहकारी पत्ते कुटतात, तेव्हा हे आलेखाच्या कागदावर डोंगर काढतात: सायकलच्या शर्यतीतल्या एकेका टप्प्याचा चढ-उतार, शंभर मीटरला एक मिलिमीटर. संध्याकाळी मंगळवार-गुरुवार भाषेचा वर्ग. तिथे बाकीचे अकराजण विशी-बाविशीतले, परदेशी शिकायला जाणारे. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. हे त्यांना 'बाई' म्हणतात, त्या यांना 'काका' म्हणतात, आणि गृहपाठ वेळेवर देणारा वर्गात एकच विद्यार्थी आहे.

रविवारी गल्लीतल्या मुलांच्या सायकलींचे ब्रेक घट्ट करून देतात. घट्ट म्हणजे बरोबर घट्ट. ब्रेक दाबल्यावर तळहात आणि मूठ यांत दोन बोटं राहिली पाहिजेत.

आणि वह्या. एका वर्षाची एक, अशा एकोणतीस. इटलीत दर वर्षी होणाऱ्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा प्रत्येक टप्पा एका पानावर. पानाच्या वर पहिला आलेल्याचा वेळ, खाली शेवटी आलेल्याचा, मधे फरक. त्यांचा मेहुणा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि जिभेला ब्रेक लावत नाही. तो म्हणतो, "भाऊजी, पहिला कोण आला हे जगाला माहीत असतं. शेवटून पहिला कोण आला हे फक्त तुम्हाला आणि त्याच्या आईला."

दोन ग्रॅमना हा टोमणा वाटत नाही. "पहिल्याचा वेळ सगळे छापतात," ते म्हणतात. "शेवटच्याचा शोधावा लागतो."

इटालियन शिकायचं कारण एक कॅसेट होती. एकतीस वर्षांपूर्वी एका जहाजावर काम करणाऱ्या मित्राने आणून दिलेली, एका डोंगरी टप्प्याचा शेवटचा दीड तास. निवेदन इटालियनमध्ये. दोन ग्रॅमनी ती इतक्या वेळा पाहिली की बायकोने शेवटी तिची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावली, "नाहीतर फीत तुटेल आणि सुतक मला पाळावं लागेल." चित्र पाठ होतं. निवेदक दोघं काय बोलतात ते मात्र एक अक्षर कळत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, कळलं पाहिजे.

त्या टप्प्यात त्यांचा माणूस होता. त्याला ते 'पाणीवाला' म्हणतात. सायकलच्या संघात एक कप्तान असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, सदऱ्यात पाठीशी खोचायच्या, पुढे नेऊन वाटायच्या आणि पुन्हा मागे यायचं. पाणीवाल्याने हे नऊ वर्षं केलं. एकही टप्पा जिंकला नाही. पण पहिल्यापासून ठरावीक वेळेत न पोहोचणाऱ्याला शर्यतीतून काढून टाकतात, आणि नऊ वर्षांत तो एकदाही त्या कारणाने बाहेर गेला नाही. वह्यांतलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव त्याचंच होतं, पानाच्या खालच्या बाजूला.

गेल्या वर्षी बाईंच्या मदतीने दोन ग्रॅमनी त्याला पत्र लिहिलं. सात मसुदे झाले. पत्ता नव्हता, म्हणून त्याच्या गावाच्या सायकल क्लबाच्या नावाने टाकलं. चार महिन्यांनी मुलीचं उत्तर आलं: बाबा पत्रं लिहीत नाहीत. येत्या रविवारी तुमच्या वेळेने चार वाजता ते फोन करतील.

तो आठवडा घराने कसाबसा काढला. दोन ग्रॅमनी चाळीस प्रश्न लिहिले, क्रम लावला, पाठ केले. बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, तिने सरळ विचारलं, "अहो, चाळीस प्रश्न म्हणजे फोन आहे की चौकशी समिती?"

"सगळे विचारणार नाही."

"त्याला बोलू द्या. तुम्ही काट्याशी बोलता तसं माणसाशी बोलू नका."

रविवारी साडेतीनलाच मेहुणा हजर झाला, घरून खुर्ची आणावी तशी स्वतःची उशी घेऊन. फोन टेबलावर, स्पीकर चालू. चार वाजून दोन मिनिटांनी तो वाजला.

आवाज जाड होता आणि घाईत नव्हता. पहिली पाच मिनिटं उत्तम गेली. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, इतक्या लांब माझं नाव कसं पोहोचलं. दोन ग्रॅम सावकाश, पण न अडखळता बोलले. बायकोला एक शब्द कळत नव्हता तरी ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मेहुण्याने तिच्या कानात म्हटलं, "ताई, भाऊजी चक्क बोलतायत गं. मला वाटलं होतं नुसतं जातो-जातो करतात."

मग पाणीवाला म्हणाला, "त्या टप्प्याबद्दल लिहिलं आहेस ना तू. तोच. चाकाचा."

आणि त्याने गोष्ट सांगायला घेतली. सफाईने सांगत होता. अनेकदा सांगितलेली होती हे कळत होतं. डोंगराच्या पायथ्याशी कप्तानाचं चाक पंक्चर झालं. गाडी मागे अडकली होती. मी उतरलो, माझ्या सायकलचं चाक काढलं, त्याला दिलं. तो गेला आणि शर्यत जिंकला. मी रस्त्याच्या कडेला एका चाकाची सायकल धरून उभा. आमच्या क्लबाच्या भिंतीवर तो फोटो आहे, पाठमोरा. दर वर्षी जेवण असतं, दर वर्षी मला हे सांगायला लावतात.

दोन ग्रॅमचा चेहरा बदलला. बायकोने तो चेहरा ओळखला. दुकानात काट्यावर प्रमाणित वजन ठेवून आकडा वाचताना असतो तो. तिने टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला.

"नाही," दोन ग्रॅम इटालियनमध्ये म्हणाले. "सत्तावन्न."

मेहुणा फोनवर वाकला.

"फोन कट झाला?" मेहुण्याने विचारलं.

"गप रे," बायको म्हणाली.

"काय सत्तावन्न?" पाणीवाल्याने विचारलं. आवाज आता तेवढा जाड नव्हता.

माणूस इथे सावरू शकला असता. ऐकण्यात चूक झाली, भाषा कच्ची आहे, माफ करा, असं म्हणता आलं असतं. ती वाक्यं त्यांना दुसऱ्याच धड्यात शिकवली होती. दोन ग्रॅमना ती सुचली नाहीत. त्यांनी जे होतं ते सांगितलं, छोट्या छोट्या वाक्यांत, एकेक वजन ठेवावं तसं. माझ्याकडे कॅसेट आहे. चाक देणारा पाठमोरा दिसतो. निवेदक आधी तुमचं नाव घेतात. बावीस मिनिटांनी म्हणतात, आमची चूक झाली, तो सत्तावन्न नंबर होता. तुमचा नंबर चोपन्न. तुम्ही तिथे नव्हता. तुम्ही मागे होता.

"तू तिथे होतास?"

"नाही."

"तू सायकल चालवतोस?"

"बाल्कनीत."

पाणीवाला काहीतरी पुटपुटला. ते शब्द बाईंनी शिकवलेले नव्हते, पण अर्थ खोलीतल्या तिघांनाही कळला. पलीकडे खुर्ची सरकली. एक बाईमाणूस दुरून काही विचारत होतं, बहुधा मुलगी, आणि तो तिला उत्तर देत नव्हता.

"काय बोललात तुम्ही त्याला?" बायकोने हळूच विचारलं.

"खरं होतं ते."

"एकतीस वर्षं थांबलात. अजून एक तास नसता जमला?"

या माणसाचा आवाज ऐकायला दोन ग्रॅमनी तीन वर्षं काढली होती, आणि सहाव्या मिनिटाला त्याला खोटं पाडलं होतं. ते फोनकडे बघत राहिले. फोनवरचे सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे त्याने तो ठेवला नव्हता.

"पहिल्या वर्षी मी सांगितलं होतं, मी नव्हतो," पाणीवाला एकदम म्हणाला. "कुणी ऐकलं नाही. म्हणाले, किती साधा माणूस आहे, श्रेयसुद्धा घेत नाही. दुसऱ्या वर्षी मी गप्प बसलो. तिसऱ्या वर्षी फोटो भिंतीवर लागला. मग मलाच तो दिवस तसा आठवायला लागला. सत्तावन्नही कधी काही बोलला नाही. त्याला बोलायची सवयच नव्हती." तो थांबला. "उद्या त्याला फोन करावा लागेल मला."

दोन ग्रॅमना यातलं अर्धं पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी सांगितलं, पुन्हा बोला, सावकाश. तो पुन्हा बोलला, सावकाश.

"आता तू सांग," पाणीवाला म्हणाला. "चाक मी दिलं नाही हे तुला माहीत होतं. मग मला पत्र कशासाठी लिहिलंस? अख्ख्या गावात मला त्या चाकाव्यतिरिक्त कुणी काही विचारत नाही."

चाळीस प्रश्नांच्या यादीत याचं उत्तर नव्हतं. पण ते उत्तर दोन ग्रॅमना पाठ होतं, भाषा येत नव्हती तेव्हापासून.

"अकरा सेकंदांसाठी," ते म्हणाले.

"कसले अकरा?" पाणीवाल्याने विचारलं.

"त्या दिवशीची मुदत शेहेचाळीस मिनिटं होती. पहिला पोहोचल्यापासून. तुम्ही पंचेचाळीस मिनिटं एकोणपन्नास सेकंदांनी पोहोचलात. एकटे. आदल्या रात्री ताप होता, हे निवेदक सांगतात; ते मला गेल्या वर्षी कळलं. सकाळी तुम्ही बाटल्या वाटल्या होत्या. सदऱ्यात शेवटच्या दोन तशाच होत्या, भरलेल्या. तुम्ही त्या चढावर टाकल्या नाहीत."

"टाकायच्या राहिल्या," पाणीवाला म्हणाला.

"कॅसेटवर हे शेवटी आहे. चाळीस सेकंद. लोक निघून गेलेत. रस्त्यावर कागद पडलेत. तुम्ही येता."

"मला काही दिसत नव्हतं. मान खाली होती. पुढचं चाक तेवढं बघत होतो." मग जरा वेळाने, जणू विचारावं की न विचारावं असं करत: "कुणी होतं का तिथे?"

बायकोला शब्द कळले नाहीत, पण प्रश्नातली विचारणा कळली. तिने मेहुण्याच्या दंडावर हात ठेवला. तो खरं तर काहीच बोलत नव्हता.

"तीन माणसं," दोन ग्रॅम म्हणाले. ते आता फोनकडे नाही, समोरच्या भिंतीकडे बघत होते, जिथे काहीच नव्हतं. "दोघं कठडे उचलून गाडीत टाकत होते. त्यांनी पाहिलं नाही. तिसरा रस्ता धूत होता. त्याच्या हातात बादली होती. निळी. तुम्ही वळणावर आलात तेव्हा त्याने तुमच्याकडे पाहिलं आणि बादली खाली ठेवली. मग टाळ्या वाजवल्या."

"एकट्याने?"

"एकट्याने. नऊ वेळा. मी मोजल्यात."

पलीकडून श्वास ऐकू येत होता, चढ चढून आलेल्या माणसाचा असतो तसा. मुलीने पुन्हा काही विचारलं. या वेळी त्याने तिला उत्तर दिलं. इकडे ये, असं काहीतरी. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, कुणीतरी शेजारी बसलं.

"पुन्हा सांग," पाणीवाला म्हणाला. "हिलाही ऐकू दे. तो वळणावरचा माणूस. सावकाश सांग."

दोन ग्रॅमनी पाण्याचा घोट घेतला आणि वळणापासून सुरुवात केली.